टी-टेस्टमध्ये 0.084 आलं म्हणजे मशीन ओके का? हळदीच्या 25 पाकिटांवरून सविस्तर

तुमचा प्रश्न मला कळला तसा आधी थोडक्यात लिहितो, म्हणजे चुकलं असेल तर तुम्ही सांगाल. सांगलीला हळद पावडरीचं छोटं पॅकिंग युनिट आहे, 500 ग्रॅमचं पाकीट, ऑगर फिलर मशीन (फिरत्या स्क्रूने पावडर मोजून भरणारं). एका डीलरने तक्रार केली की वजन कमी भरतंय. मग तुम्ही 25 पाकिटं काट्यावर ठेवली, सरासरी आली 498.2 ग्रॅम आणि स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे पाकिटापाकिटातला फैलाव, 5 ग्रॅम. भाचा बीएस्सीला स्टॅटिस्टिक्स करतो त्याने एक्सेलवर टी-टेस्ट लावली (सरासरी 500 पासून खरंच हललीये की निव्वळ योगायोग, ते बघणारी), टू-टेल्डने, म्हणजे कमी-जास्त दोन्ही बाजू धरून, पी-व्हॅल्यू 0.084 आली. मशीनवाल्याचा माणूस म्हणतो 0.05 च्या वर आहे म्हणजे मशीन ओके. भाच्याच्या मित्राने तेच आकडे वन-टेल्डने, म्हणजे फक्त कमीची बाजू धरून, काढले तर 0.042, तो म्हणतो मशीन फेल. आणि भाच्याचं म्हणणं की 0.084 म्हणजे मशीन बरोबर असण्याचा चान्स फक्त 8.4 टक्के. आता तिघातलं कोण बरोबर?

तिघंही अर्धवट आहेत, आणि भाचा सगळ्यात जास्त चुकलाय. पण त्याला रागावू नका, शिकलेली भली भली माणसं हीच चूक करतात, मी स्वतः नोकरीच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत केलीये.

मी क्वालिटीमध्ये बावीस वर्षं काढली, बहुतेक सगळी पॅकिंग लाइनवर, त्यामुळे पुस्तकी कमी आणि काट्यावरचं जास्त सांगेन. तुमचा खरा प्रश्न 0.042 धरायचा का 0.084 हा नाहीये. वजन करायच्या आधी तुम्ही स्वतःला नक्की काय विचारलं होतं आणि निर्णय चुकला तर कुणाच्या खिशातून किती जाणार, हा आहे. हे ठरलं नसेल तर कुठलाही आकडा हातात आला तरी भांडणच होणार, आणि ते झालंच आहे.

आधी आकडा येतो कुठून ते बघू. क्षणभर असं धरून चाला की मशीन एकदम चोख आहे, लाँग रनमध्ये सरासरी बरोबर 500 भरतं. ही झाली नल हायपोथेसिस, पुस्तकात शून्य परिकल्पना म्हणतात, कॉलेजात सगळे एच-नॉट म्हणतात. आता चोख मशीनसुद्धा दरवेळी 500 भरणार नाही, पावडर कधी दाबून बसते कधी भुसभुशीत असते, एखादं पाकीट 494 एखादं 507. तुमचा फैलाव 5 ग्रॅमचा आहे. पण 25 पाकिटांची सरासरी काढली की वर-खाली एकमेकांना खाऊन टाकतं, म्हणून सरासरीचा फैलाव कमी होतो, 5 भागिले 25 चं वर्गमूळ म्हणजे 1 ग्रॅम. याला स्टँडर्ड एरर म्हणायचं. तुमची सरासरी 500 पासून 1.8 ग्रॅम खाली आहे, म्हणजे 1.8 स्टँडर्ड एरर खाली. हाच तुमचा टी, उणे 1.8.

आता डोळ्यासमोर आणा की त्या चोख मशीनवरून 25-25 पाकिटांचे हजार गठ्ठे उचलले आणि प्रत्येक गठ्ठ्याचा टी काढला. हजारातल्या साधारण 84 गठ्ठ्यांत टी 1.8 इतका किंवा त्याहून जास्त लांब जाईल, 42 मध्ये खालच्या बाजूला आणि 42 मध्ये वरच्या. बस, पी-व्हॅल्यू एवढंच सांगते. मशीन चोख आहे असं गृहीत धरलं तर इतकी किंवा याहून विचित्र सरासरी निव्वळ योगायोगाने किती वेळा दिसेल, इतकाच तिचा जीव.

म्हणजे भाच्याने वाक्य उलटं धरलं. पाऊस पडत असेल तर रस्ता ओला असण्याचा चान्स जवळजवळ शंभर टक्के, पण रस्ता ओला दिसला म्हणून पाऊसच पडला असं थोडंच आहे, पाण्याचा टँकर गळत गेला असेल. पी-व्हॅल्यू पहिल्या प्रकारचं वाक्य आहे, 'मशीन चोख असेल तर असे आकडे किती वेळा'. भाच्याला हवंय दुसरं, 'असे आकडे आले तर मशीन चोख असण्याचा चान्स किती'. त्यासाठी मशीनचा आधीचा इतिहास लागतो, कितीदा बिघडतं वगैरे, आणि तो टी-टेस्टमध्ये कुठेच टाकलेला नाही. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनला 2016 साली खास पत्रक काढून सांगावं लागलं की पी-व्हॅल्यू म्हणजे हायपोथेसिस खरी असण्याची शक्यता नव्हे. तेव्हा भाचा एकटा नाही.

हा टी आला कुठून ते गंमत म्हणून सांगतो, कारण तो तुमच्यासारख्याच कारखान्यातून आलाय. डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत विल्यम गॉसेट नावाचा माणूस होता, त्याच्याकडे प्रत्येक वेळी मोजकेच नमुने असायचे, आणि तेव्हाचं गणित मोठ्या संख्येसाठी होतं. त्याने 1908 मध्ये छोट्या नमुन्याचं गणित मांडलं आणि कंपनी स्वतःच्या नावाने छापू देत नव्हती म्हणून 'स्टुडंट' या टोपणनावाने छापलं. म्हणून स्टुडंट्स टी. विद्यार्थ्यांसाठी आहे म्हणून नाही, मला कॉलेजात बरेच दिवस तसंच वाटायचं.

आता मशीनवाल्याच्या माणसाकडे येऊ. 0.05 च्या वर म्हणजे ओके, हे त्याचं म्हणणं. टेस्टमध्ये 'एच-नॉट नाकारता आली नाही' असं येतं, 'एच-नॉट सिद्ध झाली' असं कधीच येत नाही. वीस वॅटच्या मिणमिणत्या दिव्यात गोदामात उंदीर शोधलात आणि दिसला नाही, तर उंदीर नाही असं लिहून द्याल का? तुमचा 25 चा नमुना तो दिवा आहे. हिशोब करून बघा. समजा मशीन खरंच दर पाकिटाला 2 ग्रॅम कमी भरतंय, तर 25 पाकिटं आणि 5 चा फैलाव असताना टू-टेल्ड टेस्ट ते पकडणार साधारण निम्म्याच वेळा, म्हणजे नाणं उडवल्यासारखं. याला टेस्टची पॉवर म्हणतात, आणि मशीन विकणाऱ्या कुठल्याही माणसाला मी आजवर स्वतःहून पॉवरबद्दल बोलताना ऐकलेलं नाही.

त्याला एक साधा प्रश्न विचारा. तुमच्या डेटावरून 95 टक्क्यांची कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे या आकड्यांशी जुळणाऱ्या खऱ्या सरासरीचा पट्टा, निघते 496.1 ते 500.3. म्हणजे मशीन चोख आहे हे या आकड्यांशी जुळतं, तसंच ते जवळजवळ 4 ग्रॅम कमी भरतंय हेही जुळतं. यातलं पहिलंच का धरायचं? माझं मत असं की पी-व्हॅल्यूपेक्षा ही इंटरव्हल भिंतीवर लिहून ठेवा, ग्रॅममध्ये असते, ऑपरेटरलाही कळते.

वन-टेल्ड की टू-टेल्ड, इथे मात्र जरा थांबावं लागेल, कारण भांडणाचं मूळ इथे आहे. दोन्हीचा डेटा एकच आहे, टी एकच आहे. टू-टेल्ड विचारतं 'मशीन 500 वरून हललंय का, कुठल्याही बाजूला', आणि वन-टेल्ड विचारतं 'कमी भरतंय का'. वेगळा प्रश्न, वेगळं उत्तर, यात गणिताची चूक कुणाचीच नाही. पण प्रश्न निवडायची वेळ वजन करायच्या आधीची असते. आधी टू-टेल्ड काढलं, 0.084 बघून नाराज झालो आणि मग वन-टेल्ड करून 0.042 दाखवलं, तर ते बाण मारून झाल्यावर त्याभोवती गोल काढण्यासारखं आहे.

तुमच्या बाबतीत मात्र मी भाच्याच्या मित्राला थोडी सूट देईन. डीलरची तक्रार 'कमी भरतंय' अशीच होती आणि ती वजन करायच्या आधी आली होती. कायद्याच्या अंगानेही तुम्हाला कमीचीच भीती. पॅकबंद मालाच्या नियमांत 500 ग्रॅमच्या पाकिटाला जास्तीत जास्त 15 ग्रॅम घट धरलेली आहे आणि सरासरी छापील वजनाच्या खाली जाऊ नये अशी अपेक्षा आहे. जास्त भरलं तर इन्स्पेक्टर येत नाही. तेव्हा 'कमी भरतंय का' हा प्रश्न आधीचाच होता असं प्रामाणिकपणे म्हणता येत असेल तर वन-टेल्ड चालेल. पण तुम्हालाच जास्त भरून हळद फुकट जाण्याचीही चिंता असेल, आणि धंद्यात ती असतेच, तर टू-टेल्ड. हे तुमच्या परिस्थितीवर आहे, मी इथून ठरवू शकत नाही.

आणि 0.05 ला एवढं घाबरायचं काही कारण नाही. रोनाल्ड फिशरने 1925 च्या पुस्तकात वीसात एक ही सीमा सोयीची म्हणून सुचवली, ती पुढे लोकांनी देवाऱ्यात ठेवली. 2012 मध्ये हिग्ज बोसॉन हा मूलकण सापडला असं जाहीर केलं तेव्हा फिजिक्सवाल्यांची सीमा होती फाइव्ह सिग्मा, म्हणजे साधारण 35 लाखांत एक. त्यांना घाई नव्हती आणि चूक झाली तर जगभर हसं होणार होतं. तुमचा मामला तसा नाही.

सीमा ठरते ती दोन चुकांच्या किमतीवरून. हा विचार जर्झी नेमन आणि इगॉन पिअर्सन या संख्याशास्त्रज्ञांनी 1933 मध्ये नीट मांडला (आपल्या सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे पुढे लंडनला जाऊन याच दोघांच्या हाताखाली शिकले, ही माहिती मी संधी मिळेल तिथे घुसडतो). पहिली चूक, मशीन चोख असताना बिघडलंय म्हणून थांबवणं. तुमच्याकडे त्याची किंमत म्हणजे टेक्निशियनची फेरी आणि अर्धा दिवस लाइन बंद. दुसरी चूक, मशीन कमी भरत असताना ओके म्हणून चालू ठेवणं, त्याची किंमत म्हणजे डीलर जाणं, दंड, नाव खराब. पहिलीला टाइप वन म्हणतात दुसरीला टाइप टू. 0.05 ही फक्त पहिलीवर घातलेली मर्यादा आहे, दुसरीबद्दल ती अवाक्षर काढत नाही. तुमच्या धंद्यात दुसरी महाग आहे असं मला दिसतं, मग सीमा 0.10 ठेवली तरी मी हरकत घेणार नाही, फक्त आधी ठरवा आणि वहीत तारीख टाकून लिहा.

इथपर्यंतचं एकदा गोळा करतो. 0.084 म्हणजे चोख मशीनवरही असं हजारात 84 वेळा दिसलं असतं. त्यावरून मशीन चोख ठरत नाही आणि नापासही ठरत नाही, कारण नमुना लहान आहे. 0.042 हे त्याच डेटाचं वेगळ्या प्रश्नाला दिलेलं उत्तर आहे.

आता जे पुस्तकात कमी आणि शॉपफ्लोअरवर जास्त सापडतं ते.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका कंपनीत मी असताना एका लाइनची टेस्ट केली, 40 पाकिटं, पी-व्हॅल्यू 0.001 च्या आत. मी छाती फुगवून लाइन थांबवली, मेकॅनिकने ऑगर उघडला, सगळं साफ केलं, परत वजन केलं तर तेवढंच कमी. दुपारी एक जुना हेल्पर म्हणाला साहेब काटा पंख्याखाली आहे. पंखा बंद केला तर रीडिंग बदललं, मग टेस्ट वेट ठेवून बघितलं तर काटा मुळातच दीड ग्रॅम कमी दाखवत होता. पी-व्हॅल्यूने मला खरंच सांगितलं होतं की हा फरक योगायोगाचा नाही. फरक कशाचा आहे ते तिने सांगितलं नव्हतं, ते मी माझ्या मनाने मशीनच्या माथी मारलं. म्हणून तुम्ही आधी काटा तपासा, प्रमाणित 500 ग्रॅमचं वजन ठेवून, आणि रिकाम्या पाऊचचं वजन कसं वजा केलं तेही बघा. एकच पाऊच ठेवून टेअर केलं (काटा शून्यावर आणला) असेल तर दहा-वीस रिकाम्या पाऊचचं वजन करून सरासरी काढा, तुमचा अख्खा फरक 1.8 ग्रॅमचा आहे, लॅमिनेटच्या रोलमध्ये तेवढं इकडेतिकडे होऊ शकतं.

दुसरं, ती 25 पाकिटं तुम्ही सलग उचलली का? लिहिलेलं नाही पण बहुतेक जण सलगच उचलतात, सोपं पडतं. सलग पाकिटं एकमेकांची भावंडं असतात, हॉपर (मशीनवरचं पावडरीचं भांडं) भरलेला असताना सगळीच जड आणि तळाला आला की सगळीच हलकी. टी-टेस्ट धरून चालते की प्रत्येक पाकीट स्वतंत्र आहे. सलग असतील तर तुमच्याकडे 25 पाकिटं दिसताहेत पण माहिती कदाचित आठ-दहा पाकिटांचीच आहे, आणि मग 1 ग्रॅमचा स्टँडर्ड एरर खोटा पडतो. 0.084 आणि 0.042 दोन्ही गेले.

तिसरं, मोह. पाच पाकिटं वाढवायची, टेस्ट बघायची, परत पाच वाढवायची, 0.05 च्या खाली आलं की थांबायचं. असं करू नका. ठरावीक अंतराने पाच वेळा डोकावलं आणि पहिल्यांदा खाली येईल तिथे थांबलं तर 5 टक्क्यांची चूक प्रत्यक्षात 14 टक्क्यांच्या आसपास जाते. तसंच एका मशीनला वीस नोझल असतील आणि प्रत्येकाची वेगळी टेस्ट केली, तर सगळी चोख असूनही एखादं तरी नापास दिसण्याचा चान्स 64 टक्के. मी एका ठिकाणी असं एक 'नापास' नोझल बदललेलं पाहिलंय, पुढच्या महिन्यात दुसरं नापास झालं, त्याच्या पुढच्या महिन्यात तिसरं, स्पेअरवाल्याची दिवाळी.

आणि उलट बाजूही आहे. उद्या तुम्ही दहा हजार पाकिटं तपासली आणि सरासरी 499.9 आली तर टी येतो 2 आणि पी-व्हॅल्यू 0.05 च्या खाली. 'सिग्निफिकंट' म्हणून बोंब मारायची का? 0.1 ग्रॅम हळद चमच्याला चिकटून राहते. सिग्निफिकंट म्हणजे महत्त्वाचं असा मराठी अर्थ मनातून काढून टाका, तिथे त्याचा अर्थ 'योगायोगाने दिसणं कठीण' एवढाच आहे. महत्त्वाचं किती ग्रॅमला ते तुम्ही ठरवायचं. रोजची 4000 पाकिटं धरली (तुमचा आकडा टाका) तर 2 ग्रॅम म्हणजे दिवसाला 8 किलो हळद, एवढं मला महत्त्वाचं वाटतं.

मग काय करायचं. मी तुमच्या जागी असतो तर आजचे 25 आकडे तक्रारीचा सुगावा म्हणून बाजूला ठेवले असते आणि नवीन नमुना घेतला असता, जुन्यात मिसळायचा नाही. 2 ग्रॅमची घट 90 टक्के वेळा पकडायची असेल तर 5 च्या फैलावाला, वन-टेल्ड 5 टक्क्यांवर, साधारण 55 पाकिटं लागतात. 1 ग्रॅम पकडायची हौस असेल तर 215 च्या घरात, कारण फरक निम्मा झाला की पाकिटं चौपट होतात. मी 60 घेईन, आठ तासांच्या पाळीत दर आठ मिनिटांनी एक, म्हणजे हॉपर भरलेला, रिकामा, जेवणाची सुट्टी, सगळं त्यात येईल. त्या दिवशी सेटिंगला कुणी हात लावायचा नाही, मशीनवाल्याच्या माणसाने सुद्धा. वहीत आधी लिहायचं: प्रश्न 'कमी भरतंय का', पाकिटं 60, सीमा अमुक.

आणि पाळी संपली की निकाल काहीही येवो, सेटिंग 2 ग्रॅम वर घ्या. हे ऐकून भाचा म्हणेल मग टेस्ट कशाला. तर टेस्ट मशीनवाल्याशी बोलायला, वॉरंटीत दुरुस्ती मागायला. इन्स्पेक्टर आणि डीलरपासून वाचायला 2 ग्रॅम जास्त भरणं स्वस्त आहे, त्यासाठी 0.05 ची परवानगी घ्यायची गरज नाही. फार तर महिन्याभराने परत हिशोब करा की फुकट किती जातंय.

खरं तर मला तुमच्या सरासरीपेक्षा त्या 5 ग्रॅमच्या फैलावाची जास्त काळजी वाटते, ज्याच्याबद्दल तिघांपैकी कुणीच बोललं नाही. 498.2 सरासरी आणि 5 चा फैलाव असेल तर हजारात चारेक पाकिटं 485 च्या खाली जाणार, म्हणजे ती 15 ग्रॅमची सीमा ओलांडणार. डीलरच्या हातात बहुधा त्यातलंच एखादं पडलं असेल, त्याने काही सरासरी काढली नसणार. हॉपरची पातळी सारखी ठेवली, ओलसर पावडर चिकटू दिली नाही तर फैलाव 3 वर यायला हरकत नाही, निदान मी पाहिलेल्या ऑगर मशीनवर तरी येतो, आणि मग सेटिंगही इतकं वर ठेवावं लागत नाही.

तुमचे ते 25 आकडे ज्या क्रमाने काट्यावर घेतले त्याच क्रमाने इथे टाका, सरासरी काढून नको. सलग घेतलेत का आणि हॉपर कधी भरला तेही लिहा, रात्री बघून सांगतो.